पाठीतली सुई

प्रिय तान्को,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज माझ्या मनात तुझ्याविषयी रागाशिवाय दुसरं काही शोधूनही सापडत नाही, हे आधीच सांगून टाकते. थोरली बहीण फोनवर बोलायला गेली तर तू हसतोस, मग 'याया, गिऱ्हाईक आलंय' म्हणतोस आणि फोन बंद करतोस. म्हणून हा कागद. याला तुला मध्येच गप्प करता येणार नाही. ड्रायव्हर साबोला मी बजावलंय की पत्र कडुनिंबाखालच्या मजलिशीत द्यायचं नाही, घरी जाऊन तुझ्या हातात द्यायचं. एकट्यानं वाच. चार मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवावं असं यात काही नाही.

इथे धुळीचा वारा पडलाय, आता नुसतं ऊन आहे. ओठ फुटलेत, घसे कोरडे पडलेत, पावसाला अजून अवकाश आहे, म्हणजे सांकराऊला, या मेंदूच्या तापाला, अजून मोकळं रान आहे. वॉर्ड भरला, व्हरांडा भरला, आता आवारात तंबू उभे केलेत. परवा एक म्हातारा नातवाला घेऊन आला. पोराची मान धनुष्यासारखी मागे गेलेली, उजेडाला डोळे घट्ट मिटलेले. मी सलाईन लावलं, पहिलं इंजेक्शन दिलं आणि त्याला म्हणाले, बाबा, थोड्या वेळानं पाठीच्या कण्यातून चमचाभर पाणी काढून तपासायला हवं. म्हातारा हसला. म्हणाला, 'डॉक्टरीणबाई, पाणी हवं तर वाळूत विहीर खणा, आमच्या पोराच्या पाठीत कशाला?' सगळा तंबू हसला. ज्यांची पोरं शेजारी निपचित पडली होती तेसुद्धा हसले. तुझं वाक्य, तान्को. रेडिओवर बोललेलं. ज्याचं वाक्य तो मला ऐकवत होता त्याला मी पाठीवर बांधून वाढवलंय, हे त्या म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. लाज वाटली.

चार मुलींच्या रांगेनंतर तू झालास, म्हणून तर तुझं नाव तान्को. आई तुला कधी रागावली नाही, बाबांनी कधी हात उगारला नाही. तू बोलायला लागलास तेव्हापासून घर तुझ्या बोलण्यावर हसत आलंय. मीही हसले. कांद्याच्या दलालांच्या नकला करायचास तेव्हा बाबा डोळे पुसत हसायचे आणि आईला म्हणायचे, हा मोठा माणूस होणार. तुझ्या जिभेला गोडी आहे आणि लोक तुझं ऐकतात, यात वाईट काही नाही. पण लोक ऐकतात तेव्हा तोंड जरा सांभाळून उघडावं, हे तुला कुणी शिकवलं नाही. मीही नाही, कारण मलाही हसायला आवडायचं.

आपली बहीण लराई तुला आठवते की नाही, मला ठाऊक नाही. मोठ्या साथीच्या वर्षी तू लहान होतास. शाळेच्या आवारात चटईवर तिला निजवलं होतं आणि मी उशाशी ताडाच्या पानाचा पंखा घेऊन बसले होते. त्या वर्षी औषध कमी होतं आणि माणसं फार होती. तिचा नंबर लागायच्या आधी ती गेली. मी डॉक्टर का झाले असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी बरंसं सांगते. खरं असं आहे की त्या चटईशेजारी बसून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. आज औषध आहे. पुरेसं आहे, फुकट आहे, माझ्या कपाटात आहे. आणि आज माझ्या कामाच्या आड कोण येतं, तर लराईचाच भाऊ.

गेल्या वर्षीचं तुला तुझ्या पद्धतीनं आठवतं. एकदा माझ्या पद्धतीनं ऐक. तुझ्या इरोला ताप भरला, ओकाऱ्या झाल्या, तो डोकं धरून रडायला लागला आणि दाराचा पडदा ओढा म्हणाला. तू कुराण शिकवणाऱ्या मल्लम बशारींकडून पाटीवरची आयत धुतलेलं पाणी आणून पाजलंस. त्याबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. तेच पाणी पिऊन मी परीक्षा दिल्यात. पण मल्लम त्या वेळी तुला काय म्हणाले ते तू रेडिओवर सांगितलं नाहीस. ते म्हणाले, 'पाणी पाज आणि लगेच मोटारसायकल काढ. पोराची हनुवटी छातीला टेकत नाही. हे माझं काम नाही, तुझ्या बहिणीचं आहे.' हे मला त्यांनी स्वतः सांगितलं. तू मोटारसायकल काढलीस ती दुसऱ्या दिवशी, पोराला झटका आल्यावर.

तू त्याला खांद्यावर टाकून आत आलास तेव्हा मी त्याची आत्या होते, आणि आत्याला मी दाराबाहेर उभं केलं. झटका थांबवला, रक्तातली साखर पाहिली, प्राणवायू लावला, शीर शोधली. ओबिओरा, तो दक्षिणेकडून आमच्याकडे आलेला तरुण डॉक्टर, मनानं चांगला, पुस्तकं पाठ असलेला, तो म्हणाला, 'मॅडम, आधी पाठीतलं पाणी काढू या का? औषध आधी गेलं तर जंतू सापडायचा नाही.' मी म्हणाले, 'जंतू नंतर सापडला नाही तर नाही. पोरगं गेलं तर कुठं शोधशील?' या आजारात जंतूचं नाव कळेपर्यंत थांबायचं नसतं. आपल्या मुलखात, या मोसमात, या वयाच्या मुलांना जे जंतू पछाडतात त्या सगळ्यांना पुरून उरेल असं औषध आधी शिरेत जायला हवं. तू नंतर मजलिशीत म्हणालास म्हणे, 'याया अंदाजानंच औषध देते, तिला तरी कुठं माहीत असतं?' हो, अंदाजानंच देते. त्या अंदाजामागे किती मुलांची प्रेतं आहेत ते तुला ठाऊक नाही, एवढंच. आणि अंदाजानं सुरू केलं म्हणूनच शोध मागून घ्यावा लागतो. औषध किती दिवस द्यायचं, बदलायचं का, घरातल्या बाकीच्यांना काय द्यायचं, गावाला कुठली लस लागेल, हे त्या चमचाभर पाण्यावर ठरतं.

हे मी तुला सांगत होते आणि तू दारात आडवा उभा राहिलास. म्हणालास, 'इंजेक्शनं दे, हवी तेवढी दे. पाठीत सुई नाही. शिंपी सानीच्या भाच्याचे पाय गेले सुईनं.' त्या मुलाचे पाय आजारानं गेले होते. सुई घालायच्या आधीच ते हलत नव्हते, मीच तपासलं होतं त्याला. तू ऐकलं नाहीस. 'मी बाप आहे,' एवढंच म्हणत राहिलास. इरोची आई, देलु, भिंतीला टेकून उभी होती. तू तिच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस.

इरो वाचला. त्यानं डोळे उघडून बाजरीचा फुरा मागितला तेव्हा तू व्हरांड्यात नाचलास, आणि मला त्या क्षणी तुझा काहीच राग नव्हता, हेही लिहून ठेवते. पण पाचवा दिवस आला. त्याच्याबरोबर आलेली मुलं घरी चालली होती. तू मोटारसायकल दाराशी आणून लावलीस. मी म्हणाले, 'इरो जाणार नाही. त्याची इंजेक्शनं अजून चालणार आहेत, आठवड्याच्या वर.' तू विचारलंस, 'का? बाकीची जातायत ना?' आणि मी तुला कारण सांगितलं नाही. म्हणाले, 'मी डॉक्टर आहे आणि मी सांगते म्हणून.' तेव्हा तू भरल्या वॉर्डात, सगळ्या बायकांसमोर काय बोललास ते आठवतंय तुला? 'हिला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून माझं ठेवून घेतेय खेळायला.' कुणीतरी हसलं. नर्सनी माना खाली घातल्या. माझी दोन्ही बाळं जन्माआधीच गेली, आणि दुसऱ्या वेळी मला नवऱ्याच्या घरून परत आणायला तूच आला होतास. सगळ्या वाटेवर तू एक शब्द बोलला नव्हतास, आणि त्याबद्दल मी किती वर्षं मनातल्या मनात तुझे उपकार मानत होते. म्हणजे ते वाक्य तू न कळून बोलला नाहीस. मी इरोचं पुढचं इंजेक्शन भरलं आणि दिलं. तुझं तोंड बंद करायला माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते मी गिळलं. का गिळलं, ते आज कळेल तुला.

मग तू मेंढा कापलास, गावजेवण घातलंस, आणि त्या शुक्रवारच्या रेडिओच्या कार्यक्रमात, जिथे कुणीही फोन लावून आपलं सुखदुःख सांगतं, तिथे तू फोन लावलास. 'माझा मुलगा पाठीत सुई न घेता ठणठणीत झाला. माझी सख्खी बहीण डॉक्टर आहे, मी तिलाही दारात अडवलं. बापांनो, तुम्हीही अडवा.' आणि मग ते विहिरीचं. निवेदक इतका हसला की त्याला पुढचं बोलता येईना. दुसऱ्या दिवशी बाजारात ज्याच्यात्याच्या फोनवर तुझा आवाज. मला वाटलं, चार दिवस हसतील आणि विसरतील. पण लोक तुझं बोलणं विसरत नाहीत रे.

यंदा मामुदानं अडवलं. तुझा लहानपणापासूनचा जोडीदार, चौकात पंक्चर काढणारा, आयुष्यात कुणाला वर मान करून न बोललेला मामुदा. त्याच्या लेकीला, हन्नेला, तू येताजाता 'काय सूनबाई' म्हणून चिडवायचास आणि ती तुझ्यावर बोरं फेकायची. त्यानं तिला वेळेवर आणलं, हे त्याच्या बाजूनं सांगते. ताप आला त्याच दिवशी आणलं. पहिलं इंजेक्शन लगेच गेलं. पण सुईचं नाव काढताच तो हात जोडून दारात उभा राहिला, अगदी तू उभा होतास तसा, फक्त त्याला तुझ्यासारखं ओरडता येत नाही. म्हणाला, 'असाबे, तू मला बहिणीसारखी. बाकी सांगशील ते करतो. पण तान्कोनं काय केलं ते मला ठाऊक आहे, आणि त्याचा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर पळतो.' मी समजावलं. ओबिओरानं मोडक्यातोडक्या हौसा भाषेत समजावलं. हन्नेची आई काहीतरी बोलायला गेली तर मामुदानं तिला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

साथीच्या दिवसांत ज्याचं पाणी तपासलेलं नसतं त्याला नेहमीचा जंतू धरून पाच दिवस औषध देतात, कारण तो पाच दिवसांत संपतो. पाचव्या दिवशी हन्नेला ताप नव्हता. ती उठून तंबूभर फिरत होती, नर्सच्या मागे मागे जाऊन कापूस मागत होती. बाहेर नवी मुलं जमिनीवर होती. तिला ठेवून घ्यायला माझ्याकडे कारण नव्हतं. ते तिच्या पाठीतल्या पाण्यात होतं, आणि तिथे मला कुणी पोचू दिलं नाही. मामुदाला मी म्हणाले, पुन्हा जराही ताप वाटला तर वाट बघू नकोस. त्यानं वाट बघितली नाही. पण ती आली तेव्हा तिला झापड आली होती आणि ती आईला ओळखत नव्हती. मामुदा म्हणाला, 'आता काय हवं ते कर.' मी सुई घातली. पाणी गढूळ होतं, आणि त्यात नेहमीचा जंतू नव्हता, दुसरा होता, चिवट, ज्याला पाच दिवस पुरत नाहीत. औषध पुन्हा सुरू केलं, जे जे करता येतं ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानच्या सुमारास ती गेली.

तू मय्यतीला गेलास. जायलाच हवं होतं. पण तिथे चटईवर बसून, मामुदाच्या खांद्यावर हात ठेवून तू म्हणालास, 'अल्लाची मर्जी. इस्पितळाची सगळी इंजेक्शनं घेऊनसुद्धा गेलीच ना पोर. मग?' हे मला मल्लम बशारींनी फोनवर सांगितलं. अल्लाच्या मर्जीविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. पण तुझी बढाई म्हणजे अल्लाची मर्जी नव्हे, हे तुला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं. आपली आई असती तर तिनं सांगितलं असतं का, मला शंका आहे. म्हणून मी सांगतेय.

आता ते गिळलेलं वाक्य. तान्को, इरोच्या पाठीत सुई गेली होती. तू असरच्या नमाजाला मशिदीत गेलास तेव्हा. झटका थांबला होता, श्वास नीट झाला होता, औषध शिरेत गेलं होतं. देलु भिंतीपासून पुढे आली आणि म्हणाली, 'याया, बापाला विचारून झालं. आईला कुणी विचारलं नाही.' मी तिला विचारलं. काय करणार, का करणार, काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. आईचा होकार पुरतो हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मग काढ.' तिनंच त्याला कुशीवर धरलं, गुडघे पोटाशी, पाठीची कमान, हलू न देता. पहिलं मूल म्हणून आपल्या रीतीप्रमाणे जिनं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, लोकांसमोर मांडीवर घेतलं नव्हतं, ती ओबिओरासमोर, नर्ससमोर त्याच्या कानाशी तोंड नेऊन 'इरो, इरो' म्हणत राहिली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं आलं. त्यात तोच चिवट जंतू होता जो यंदा हन्नेला होता. म्हणून मी इरोला पाचव्या दिवशी सोडलं नाही. तू 'खेळायला' म्हणालास ना, ते हे दिवस होते. सोडलं असतं तर मेंढा कापायला तुला कारण उरलं नसतं. आणि मी गप्प राहिले कारण देलुनं माझा हात धरून सांगितलं होतं, 'त्याला कळलं तर तो मला घरात ठेवणार नाही.'

हे पत्र रागानं मी लिहिलंय, पण लिहायला देलुनं सांगितलं. तुला वाटतंय ती इरोला घेऊन माहेरी गेलीय. ती हन्नेच्या आईला भेटली आणि तिथून सरळ माझ्याकडे आली. आत्ता माझ्या खोलीत बसलीय, आणि मी काय लिहिलं ते मी तिला दर थोड्या वेळानं वाचून दाखवतेय. शुक्रवारी त्या कार्यक्रमात ती फोन लावणार आहे. स्वतःच्या नावानं, गावाच्या नावानं, तुझ्या नावानं. तलाकचा शब्द तुझ्या हातात आहे आणि पोर बापाकडे राहतं ही आपली रीत, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यावर ती दोन दिवस रडली आणि आता रडत नाही. तिला राहायला माझ्याकडे जागा आहे, पण इरोची जागा मी तिला कुठून आणून देऊ? तरी ती फोन लावणार आहे, कारण तंबूबाहेर आजही बाप दारात आडवे उभे आहेत. तिचं म्हणणं एवढंच की रेडिओवर ऐकायच्या आधी तुला तुझ्या घरात, एकट्याला कळावं. एवढा मान ती तुला देतेय. मी दिला नसता. तिच्याआधी तू फोन लावलास तर तिला लावावा लागणार नाही. आणि रेडिओच्याही आधी मामुदाच्या दारी जा, त्याच्यासमोर बस, आणि इरोच्या पाठीत सुई गेली होती हे त्याला तुझ्या तोंडानं सांग. साबोबरोबर मला उत्तर पाठवू नकोस.

तुझीच थोरली, अजून रागावलेली,
असाबे